अंतराळभ्रमणाचे खुले गेम्स: ओढ कुठवर टिकते?

दूरदेशी:

आख्खी आकाशगंगा समोर उघडी टाकायची आणि खेळणाऱ्याला म्हणायचं, जा हवं तिकडे. असे गेम मला फार आवडतात. नो मॅन्स स्काय, एलिट डेंजरस, स्टारफील्ड, कर्बल स्पेस प्रोग्राम, सगळ्यांवर जीव लावलाय. पण यातल्या बऱ्याच गेमच्या बाबतीत एक टप्पा हमखास येतो. नव्या ग्रहावर उतरण्याआधीच तिथे काय असणार हे आपल्याला माहीत असतं. ढगांतून खाली येताना जी उत्सुकता असायची ती राहत नाही. मग गेम उघडणं लांबत जातं आणि एक दिवस सुटूनच जातं.

जागा कमी पडते म्हणून हे होत नाही. नो मॅन्स स्कायमध्ये २ चा ६४ वा घात इतके ग्रह आहेत, म्हणजे १८ पुढे १८ शून्यं मांडली तर जो आकडा येईल त्याहूनही जरा जास्त. दर सेकंदाला एक ग्रह पाहायचा म्हटलं तरी विश्वाच्या आजवरच्या वयाच्या चाळीसपटीहून जास्त काळ लागेल. एलिट डेंजरसमध्ये आपली आकाशगंगा खऱ्या मापाने उभी केली आहे, सुमारे ४० हजार कोटी सूर्यमाला. २०१४ पासून जगभरचे लोक त्यात हिंडताहेत आणि सगळ्यांनी मिळून त्यातला एक टक्काही पाहून झालेला नाही. तरी "आता करायला काय उरलं?" असं विचारणारे दोन्हीकडे सतत भेटतात.

माझं म्हणणं असं की एका ग्रहावर जे कळलं ते पुढच्या ग्रहावर कामाला येणार असेल, तरच पुढच्या ग्रहाची ओढ लागते. नो मॅन्स स्कायमधलंच घ्या. ग्रह विषारी असो, किरणोत्सारी असो, गोठलेला असो की रखरखीत. सूटचं संरक्षण सोडियमनेच भरतं. पडद्यावरचा रंग बदलला, वादळाचं नाव बदललं, पण मी काय करायचं ते बदललं नाही. विषारी ग्रहावर वेगळ्या तऱ्हेने जगावं लागलं असतं आणि ती तऱ्हा शिकूनच पुढे जाता आलं असतं, तर दहा प्रकारचे ग्रहसुद्धा मला पुरले असते.

तुम्हाला कुठला गेम अजून धरून ठेवतो, आणि कशामुळे?

कोडवाला:

चांगला विषय. यात तांत्रिक बाजू महत्त्वाची आहे म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

हे ग्रह कुठे साठवून ठेवलेले नसतात. एक सुरुवातीचा आकडा असतो, त्याला सीड म्हणतात. तो ठरावीक सूत्रांतून फिरवला की डोंगर, हवा, झाडं, प्राणी बाहेर पडतात. सीड तोच, तर ग्रहही तोच, म्हणून तुम्ही परत गेलात तरी डोंगर जागेवर सापडतो. डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल यांनी १९८४ मध्ये बीबीसी मायक्रोवर पहिला एलिट केला तो याच युक्तीवर. ३२ किलोबाइट मेमरीच्या त्या संगणकात त्यांनी ८ आकाशगंगा बसवल्या, प्रत्येकीत २५६ सूर्यमाला.

आता धाग्याशी थेट संबंध असलेली गोष्ट. त्या सूत्रातून ८ नव्हे, २ चा ४८ वा घात इतक्या आकाशगंगा निघू शकत होत्या आणि दोघांचा विचारही तसाच होता. प्रकाशक अकॉर्नसॉफ्टने त्यांना ८ वर थांबवलं. एवढा प्रचंड आकडा दाखवला तर हे सगळं यंत्राने पाडलेलं आहे हे खेळणाऱ्याच्या लगेच लक्षात येईल, हे त्यांना तेव्हाच दिसलं होतं. मला हा निर्णय आजही फार शहाणपणाचा वाटतो.

केट कॉम्प्टन यांनी स्पोर या गेमच्या ग्रहांवर काम केलं होतं. त्यांनी या अडचणीला ओट्सच्या लापशीचं उदाहरण दिलंय. दहा हजार वाट्या लापशी करा. प्रत्येक वाटीतला प्रत्येक दाणा वेगळ्या जागी असेल, गणिताच्या दृष्टीने एकही वाटी दुसरीसारखी नसेल, पण खाणाऱ्याला ती लापशीच लागणार. वेगळं असणं आणि वेगळं जाणवणं यांत अंतर आहे. खेळणारा नकळत सूत्र वाचायला शिकतो. एकदा ते वाचता आलं की पुढचे सगळे ग्रह त्याने पाहिल्यातच जमा असतात.

म्हणून दूरदेशी, तुमच्या म्हणण्यात मी एवढीच भर घालेन की नियम थोडे असले तरी चालतील, पण ते एकमेकांत गुंतले पाहिजेत. हवामानाचा परिणाम प्राण्यांवर, प्राण्यांचा जमिनीवर, जमिनीचा तुमच्या यानावर. नुसते सुटे भाग बदलत राहिले तर सूत्र लवकर उघडं पडतं.

मृगशीर्ष:

मी एलिट डेंजरसमध्ये वस्तीपासून दूर हिंडणाऱ्यांपैकी आहे. मला दूरदेशी यांचं मत अर्धंच पटतं.

या गेममध्ये ग्रहांची माहिती गोळा केली तरी ती स्टेशनवर नेऊन विकेपर्यंत तुमची नसते. वाटेत यान फुटलं तर न विकलेलं सगळं जातं. विकली आणि तिथे आधी कुणी पोहोचलं नसेल, तर त्या ताऱ्यापाशी 'प्रथम शोध' म्हणून तुमचं नाव लागतं आणि पुढे येणाऱ्या प्रत्येकाला ते दिसतं. त्यामुळे घरापासून जितकं लांब जावं तितकं परतीचं ओझं वाढतं. ग्रह बर्फाचाच, आधी शंभरदा पाहिलेला, पण आता त्याच्यावर यान आपटलं तर महिन्यांची भटकंती पाण्यात. हात आपोआप जपून चालतात. हा ताण ग्रहाच्या रंगरूपातून येत नाही, मी कुठवर आलोय त्यातून येतो.

शिवाय शिकणं इथेही आहे. ओ, बी, ए, एफ, जी, के, एम या वर्गांच्या ताऱ्यांपासून इंधन भरता येतं, तपकिरी बटूंपासून, म्हणजे तारा होता होता राहिलेल्या गोलांपासून, येत नाही. हे माहीत नसलेला माणूस बटूंच्या पट्ट्यात अडकतो. न्यूट्रॉन ताऱ्याच्या झोतात यान नेलं तर पुढच्या ताऱ्याकडची उडी चौपट लांब जाते, पण झोतात यान हेलकावतं आणि इंजिनाला इजा होते. आकाशगंगेच्या पलीकडच्या कडेला, बीगल पॉइंटच्या बाजूला, तारे इतके विरळ होतात की कुठली उडी कुठे टाकायची याचा आधी विचार करावा लागतो. सूर्यापासून सुमारे ६५ हजार प्रकाशवर्षं आहे ते.

आणि रिकामपणाबद्दल एक. अल्फा सेंटॉरीत हटन ऑर्बिटल नावाचं स्टेशन आहे, यान जिथे पोहोचतं त्या ताऱ्यापासून ०.२२ प्रकाशवर्ष लांब. तिकडे सरळ रेषेत जायलाच तास-दीड तास लागतो, वाटेत काहीही नाही. लोक तरीही जातात, कारण शेजारच्या ताऱ्यापाशीसुद्धा अंतर म्हणजे काय असतं हे त्या तास-दीड तासात अंगाला कळतं. पुस्तकातल्या आकड्याने ते मला कधी कळलं नव्हतं.

२०१७ मध्ये ट्रॅपिस्ट-१ या खऱ्या ताऱ्याभोवतीच्या सात ग्रहांची बातमी आली, तेव्हा गेमच्या गणिताने साधारण त्याच भागात एक तपकिरी बटू आणि त्याचे ग्रह आधीच मांडलेले निघाले. मग एलिट डेंजरस करणाऱ्या फ्रंटियर कंपनीने ती जागा बदलून खरी ट्रॅपिस्ट-१ तिथे बसवली. ही बातमी वाचली त्या दिवशी मला गेमबद्दल जो आदर वाटला तो अजून आहे.

काजवा:

कर्बल स्पेस प्रोग्रामचं नाव यादीत आहे, पण त्यावर कुणी बोललं नाही म्हणून लिहिते.

या गेममध्ये पाहण्यासारखं मोजकंच आहे. एक सूर्य, थोडे ग्रह, त्यांचे चंद्र. घरचा ग्रह कर्बिन, त्याची त्रिज्या ६०० किलोमीटर, पृथ्वीच्या जेमतेम एक-दशांश. बहुतेक ठिकाणी उतरल्यावर दगडधोंड्यांपलीकडे काही नसतं. तरी लोक २०११ पासून हा खेळताहेत, आणि मला कारण स्वच्छ दिसतं: पोहोचणं अवघड आहे आणि ते अवघडपण खरं आहे.

कक्षेत जायचं म्हणजे वर जायचं नसतं, आडवं पळायचं असतं, हे गेम तुम्हाला सांगत नाही, तुमच्याकडून करवून घेतो. त्याहून मोठा धक्का पुढे आहे. कक्षेत आपल्या पुढे असलेलं यान गाठायचं तर त्याच्याकडे तोंड करून इंजिन चालवून उपयोग नाही. वेग वाढला की आपली कक्षा वर उचलली जाते, फेरी लांबते आणि आपण मागे पडतो. गाठायला आधी वेग कमी करून खालच्या कक्षेत यायचं, तिथे फेरी लवकर पूर्ण होते, मग पुन्हा वर. जून १९६५ मध्ये जेमिनाय ४ या अमेरिकी अंतराळयानात जेम्स मॅकडिव्हिट यांनी आपल्याच रॉकेटच्या रिकाम्या टप्प्याजवळ जायचा प्रयत्न केला, यान त्याच्या दिशेने ढकललं, आणि अंतर वाढतच गेलं. शेवटी इंधन वाचवण्यासाठी तो बेत सोडावा लागला. प्रशिक्षित अंतराळवीराला जे प्रत्यक्ष जाऊन कळलं, ते हा गेम आपल्याला टेबलाशी बसल्या बसल्या शिकवतो. किती मोठी गोष्ट आहे ही!

एकदा दोन यानं जोडता आली की मग तळ, इंधनाची टाकी, लांबचे ग्रह, सगळं त्याच एका ज्ञानावर उभं राहतं. दूरदेशी, तुमची कसोटी याला पूर्ण लागू पडते.

दूरदेशी:

काजवा, अगदी. जेमिनायचा किस्सा मला ठाऊक नव्हता, फार आवडला.

मृगशीर्ष, न विकलेल्या माहितीचं ओझं हा मुद्दा मोठा आहे. म्हणजे शिकण्याबरोबर गमावण्यासारखंही काही हवं. मात्र ते गमावणं परवडणारं हवं. महिन्यांची भटकंती एका आपटण्यात गेल्यावर गेम कायमचा सोडणारेही आहेत, आणि त्यांना मी दोष देणार नाही.

खिडकीपाशी:

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले. माझं म्हणणं वेगळं आहे.

मला गेमकडून शिकायचं नसतं आणि गमवायचंही नसतं. दिवसभर डोकं वापरून झालेलं असतं. रात्री नो मॅन्स स्काय लावते, एखाद्या ग्रहावर उतरते, टेकडीवर चढते, दोन सूर्य मावळताना बघते, फोटो काढते. तिथे घर बांधलंय, त्याच्या आजूबाजूला चालते. पुढच्या ग्रहावर सोडियमच लागणार हे मला माहीत आहे आणि त्याचा मला आधार वाटतो. अनोळखी जागेतही मी निर्धास्त असते, म्हणूनच नीट बघू शकते.

ओढ म्हणजे सतत काहीतरी साधत राहणं, असं या धाग्यात गृहीत धरलंय. नुसतं असणंही ओढीचं कारण असू शकतं. आणि नो मॅन्स स्काय करणाऱ्या हॅलो गेम्सने २०१६ पासून जे केलंय त्याची नोंद व्हायला हवी. सुरुवातीला दोन खेळाडू एकाच जागी पोहोचूनही एकमेकांना दिसले नव्हते. २०१८ च्या नेक्स्ट अपडेटने खरं एकत्र खेळणं आलं, पुढे आभासी वास्तव आलं, २०२५ च्या जानेवारीत वायूचे महाकाय ग्रह आणि खोल समुद्र आले, आणि हे सगळं एकही पैसा न मागता. मी आज ज्या जगात हिंडते ते पहिल्या दिवशीचं जग नाहीच.

निवांत४२:

+१ खिडकीपाशी. मीही असाच खेळतो. फक्त एक: पाण्याखाली घर बांधून बघा, खोल समुद्र आल्यापासून ते बघण्यासारखं झालंय.

उत्तररात्र:

आउटर वाइल्ड्सशिवाय हा धागा अपुरा राहील. कथानक फोडत नाही, निर्धास्त वाचा.

२०१९ चा गेम. एक छोटीशी सूर्यमाला, प्रत्येक ग्रह हाताने घडवलेला. दर २२ मिनिटांनी काळ मागे जातो आणि तुम्ही पुन्हा सुरुवातीला. यान सुधारत नाही, शस्त्र मिळत नाही, पैसे साठत नाहीत. एका फेरीतून दुसऱ्या फेरीत सोबत येतं ते फक्त तुम्हाला जे समजलं ते. शेवटापर्यंत नेणारी वाट पहिल्या फेरीपासून मोकळीच असते, ती दिसत नाही इतकंच. दूरदेशी म्हणतात ती गोष्ट, एकीकडे कळलेलं दुसरीकडे कामाला येणं, ही इथे सजावट नाही, गेम तेवढाच आहे. एका ग्रहावरच्या भिंतीवर वाचलेली ओळ दुसऱ्या ग्रहावर दार उघडते.

कोट्यवधी ग्रहांपेक्षा या मूठभर जागांनी मला विश्व जास्त मोठं वाटलं. का, तर प्रत्येक जागेमागे कुणीतरी विचार केला होता हे जाणवत होतं.

कोडवाला:

उत्तररात्र, गेम अप्रतिम आहे, पण तो खुला नाही. सगळं समजलं की संपतो आणि पुन्हा तसा खेळता येत नाही. त्याची ताकदच तिथे आहे. टिकण्याच्या प्रश्नाला तो उत्तर देत नाही, तो प्रश्नच बाजूला ठेवतो.

मधली वाट स्टारफील्डने २०२३ मध्ये धरली. हजारावर ग्रह यंत्राने, शहरं आणि कथा हाताने. माझ्या मते सांधा तिथेच निसटला. ओसाड ग्रहावर एक संशोधन केंद्र सापडतं, आत टेबलावर कुणाची तरी चिठ्ठी असते, ती वाचून वाईट वाटतं. पुढे भलत्याच सूर्यमालेत तेच केंद्र, तेच टेबल, तीच चिठ्ठी. यंत्राने पाडलेला डोंगर पुन्हा दिसला तर मन दुखावत नाही. माणसाने लिहिलेलं दुःख पुन्हा दिसलं की आधीचंही खोटं होतं. त्यात ग्रहाकडून ग्रहाकडे जाणं बरंचसं नकाशावर बोट ठेवून, मध्ये लोडिंग स्क्रीन. अंतरच उरलं नाही तर भ्रमण कसलं? मृगशीर्ष यांचं हटन ऑर्बिटल याच्या नेमकं उलट टोकाला आहे.

त्यातली यानबांधणी मात्र मला मनापासून आवडते, हेही सांगितलं पाहिजे.

सातवा ऋषी:

माणसांबद्दल कुणीच फारसं बोललं नाही याचं आश्चर्य वाटतं. माझ्या अनुभवात हे गेम टिकवतात ती माणसंच.

एलिट डेंजरसमधली घटना सांगतो. २०१६ मध्ये जाक्स नावाच्या फिरत्या स्टेशनने आकाशगंगेच्या पार टोकाला, बीगल पॉइंटला उडी मारायचं ठरवलं. इंधनाची सोय खेळाडूंनी केली. उडी झाली आणि स्टेशन गायब. कुठे गेलं कुणालाच माहीत नाही. मग शोधमोहिमा निघाल्या आणि सूर्यापासून सुमारे २२ हजार प्रकाशवर्षांवर ते नादुरुस्त अवस्थेत एका खेळाडूला सापडलं. आता गंमत बघा, सामान पोहोचवायला तितक्या लांब लोक स्वतःहून निघाले. दुरुस्ती झाली, आजूबाजूला वस्ती उभी राहिली, तीच आजची कोलोनिया. तारे सूत्राने मांडले होते, पण तिथलं गाव लोकांनी जाऊन वसवलं.

फ्युएल रॅट्सही तसेच. इंधन संपून कुणी अडकला की हे खेळाडू त्याच्यापर्यंत इंधन नेऊन देतात, मोबदला न घेता. गेमने त्यांना हे काम दिलेलं नाही. २०१९ च्या डिस्टंट वर्ल्ड्स २ मोहिमेत दहा हजारांहून जास्त लोक एकत्र निघाले होते, वाटेत आकाशगंगेच्या केंद्राजवळ स्टेशन उभारायला त्यांनी हातभार लावला.

आणि फार पूर्वीचा नॉक्टिस नावाचा मोफत गेम. शत्रू नाही, पैसा नाही, ध्येय नाही. खेळाडू ताऱ्यांना नावं द्यायचे, टिपणं लिहायचे, ती टिपणं एका सामाईक नोंदवहीत जमा व्हायची. दुसऱ्या कुणाला तरी सांगता येणार आहे म्हणून माणूस नीट बघतो.

दूरदेशी:

सातवा ऋषी, तुमच्या प्रतिसादाने माझ्या मुद्द्याला फाटा फुटला, आणि चांगला फुटला. मी 'एका ग्रहावरचं दुसऱ्या ग्रहावर' म्हणत होतो. तुम्ही 'एका माणसाचं दुसऱ्या माणसाला' म्हणताय. कोलोनियाला सामान नेणाऱ्यांना तारे कसे आहेत याची फिकीर नव्हती, कुणीतरी तिकडे वाट पाहतंय एवढं पुरेसं होतं.

खिडकीपाशी, तुमच्याशी मात्र माझं जमणार नाही. मावळते दोन सूर्य मलाही आवडतात, पण माझी पावलं तिथे फार वेळ थांबत नाहीत. तुमची थांबतात, हे वाचून हेवा वाटला.

खिडकीपाशी:

दूरदेशी, मग मोहिमा खेळून बघा. २०२१ पासून नो मॅन्स स्कायमध्ये ठरावीक मुदतीच्या मोहिमा येतात. सगळे खेळाडू एकाच जागेहून निघतात, टप्पे ठरलेले असतात, वाटेत इतरांचे तळ आणि निरोप दिसतात. शिकणं नाही, पण दिशा आणि सोबत दोन्ही आहे. तुमच्यासारख्यांसाठीच असाव्यात.

पहिलंपाऊल:

सगळा धागा एका दमात वाचला. यातलं काहीच खेळलेलं नाही, लॅपटॉप साधा आहे, आणि एकटीच खेळणार. कुठून सुरू करू?

उत्तररात्र:

आउटर वाइल्ड्स. आणि कृपा करून त्याबद्दल कुठेही काहीही वाचू नका, अडलात तरी. यानातली नोंदवही उघडा, कुठे अजून काही बाकी आहे ते तीच सांगते.

मृगशीर्ष:

एलिटने सुरुवात करू नका असं एलिटवर प्रेम असूनही सांगतो. पहिले काही आठवडे नुसते कळफलक समजण्यात जातात. नंतर नक्की या.

काजवा:

साध्या लॅपटॉपवर पहिला कर्बल चालायला हरकत नाही, फक्त यान फार मोठं बांधू नका, भाग वाढले की गेम मंदावतो. दुसऱ्या भागाच्या वाटेला जाऊ नका, तो अर्धवट राहिला आणि करणारा स्टुडिओ बंद झाला.

पहिलंपाऊल:

काजवा, कर्बल घेतला. कक्षेत पोहोचले! आता चंद्रावर उतरायचंय पण दर वेळी आपटतंय.

काजवा:

अभिनंदन! कक्षा जमली म्हणजे सगळ्यात अवघड भाग झाला.

उतरताना आधी आडवा वेग मारा. पडद्यावरच्या दिशादर्शक गोलावर रेट्रोग्रेडची, म्हणजे यान जातंय त्याच्या उलट दिशेची, खूण असते, तिच्याकडे तोंड धरून इंजिन चालवलं की आडवा आणि उभा, दोन्ही वेग एकदम कमी होतात. वरचा उंचीचा आकडा समुद्रसपाटीपासूनचा असतो, जमिनीपासूनचा नव्हे, त्यामुळे डोंगर अचानक समोर येतो; यानातल्या रडारकडे लक्ष ठेवा किंवा यानाची सावली बघा. सावली जवळ आली की वेग सेकंदाला ५ मीटरच्या खाली हवा. पाय रुंद लावा, यान बुटकं ठेवा. आणि खाली निघण्याआधी एफ५ दाबून सेव्ह करा, आपटलंच तर एफ९ दाबून धरलं की तिथूनच पुन्हा.